ठिपकेवाले वाल

१४ नोव्हें.
सईच्या शाळेने विजूला बोलावलं होतं. आल्यापासून पोरीने वर्गात तोंड उघडलेलं नाही. बँकेने विजूची पेणहून इथे बंगाल्यांच्या मुलखात, डमडमला बदली केली, तेव्हापासून घरातसुद्धा नुसती मान हलवते. आठ वर्षांची पोर, नंदीबैल आहे का? सुरुवातीला वर्गात हिंदी बोलायला गेली तर पोरं हसली म्हणे. मिस म्हणाल्या डॉक्टरला दाखवा, असंच चाललं तर हाच वर्ग परत करावा लागेल. सूनबाई रडत बसली. मी म्हटलं, रडून कोणाला वाचा फुटलीय? पानं घे.
मला जेवण गेलं नाही, ते वेगळं.

१७ नोव्हें.
डॉ.कडे जाऊन आलो. कान ठीक, जीभ ठीक. जीव भांड्यात पडला. तिच्या कलाने बोलेल, मागे लागू नका म्हणाले. पण मोबाईल बंद. विजूने घरी येऊन हुकूम सोडला. "आई, तुझासुद्धा."
माझा कशाला? मी बोलते की. नको तितकं बोलते.

२० नोव्हें.
दुपारी मो.वर एक बाई अळूवडी करत होती. तिला उंडा वळता येईना, आणि निघाली जगाला शिकवायला. ती संपली तर पुढचं आपोआप सुरू. समुद्रातला आठ हातांचा प्राणी. त्याला तीन काळजं असतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या विजूला एकच आहे, तेही वापरत नाही.
मागून खुदकन हसू आलं. सई कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही.
मो. बंद करायला हवा होता. नाही केला.

२४ नोव्हें.
आता रोज दुपारी आम्ही दोघी, दार लोटून. चोरून बघतो. आज पेन्सिलीच्या टोकावर हत्ती कोरणारा माणूस. सई श्वास धरून. मग एक बी. मूळ खाली येतं, मग भांडं उलटं करतात, तर मूळ वळसा घेऊन परत खालीच. सगळं एका मिनिटात. मी म्हटलं, खोटं आहे, कॅमेऱ्याची करामत. उभा जन्म वालांना मोड काढण्यात गेला, पण फडक्यात ते कुठल्या तोंडाने निघतात हे काही कधी बघितलं नाही.
पोरीच्या कपाळाला आठी. तेच परत लावलं. परत. परत.

३० नोव्हें., रवि.
काय दिवस!
बिरडं केलं. कडवे वाल इथे मिळत नाहीत, येताना पेणहून आणलेले तेवढेच, म्हणून एकेक दाणा जपून. सोलत बसले तर फळीवर एक वाटी सापडली, ओल्या रुमालाखाली. आत मोड आलेले थोडे वाल. वाटलं म्हातारपण, मीच बाजूला ठेवून विसरले. प्रत्येकावर काळा ठिपका. किडके वाटले. नख लावून साल काढलं तर आतून चांगले. गेले पातेल्यात.
जेवणं झाली. सईनेही दोनदा घेतलं. मग उठून आत गेली, आणि वाटी हातात घेऊन बाहेर. धुतलेली.
"आजी! माझे वाल कुठेत?"
वरून विमान चाललं होतं, विमानतळ शेजारीच. विमान आलं की आम्ही सगळे तोंड मिटतो, आवाज जाईपर्यंत. ही मिटेना. विमानाच्या वरताण ओरडत होती. मोड वर करून ठेवले होते! पेनाने खूण केली होती! तू विचारलं का नाहीस?
मी म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस? तोंड आहे ना?"
"सांगणार होते! आधी वळतात का ते बघायचं होतं. मोबाईलमध्ये दाखवलं ना, तूच म्हणालीस खोटं आहे!"
विजूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वाढू का अजून?
खालच्या घरमालकीणबाई धावत वर आल्या, कोणाला भाजलं की काय म्हणून. सूनबाई हसते की रडते कळेना. सईने घरमालकीणबाईंना काहीतरी सांगितलं, अर्धं हिंदी अर्धं मराठी, मला बोट दाखवून. चहाडखोर कुठली.
मोरीत जाऊन चूळ भरली. जरा उभी राहिले तिथेच.

१ डिसें.
डब्याच्या तळाचे वाल भिजत घातले. सगळे तिचे. आता पेणला जाईपर्यंत बिरडं नाही. नसू दे.
विजू म्हणाला, मो. अर्धा तास, तुझ्यासमोर, आणि दार उघडं. वर म्हणतो, डॉ.नी सांगितलं तरी तू... मी म्हटलं, शिकलेल्या माणसाने वाक्य पुरं करावं.

५ डिसें.
वळले! एक कुजला, बाकी सगळ्यांनी वळसा घेतला. कॅमेरा लबाड नव्हता, मीच आंधळी. विजू ऑफिसचे बूट घालून वाटीपाशी ओणवा. सूनबाईने फोटो काढले.
सई : "आजी, रुमालाखाली अंधार असतो. मग खाली कुठे ते त्यांना कसं कळतं?"
मी चौथी पास. म्हटलं, मला नाही माहीत, तुझ्या बापालाही नाही. मिसना विचार.
गप्प झाली. मला वाटलं, घातला घोळ.

८ डिसें.
सकाळी स्वतःहून खाली गेली. घरमालकीणबाईंना विचारून आली, 'का'ला बंगालीत काय म्हणतात. केनो. वेणी घालताना केनो, दूध पिताना केनो. दोन वाल ओल्या कापसात, डबीत, डबी दप्तरात. एकाला ठिपका आहे, बजावून गेली, कोणी खाऊ नये म्हणून.
जिना उतरेपर्यंत तेच पुटपुटत होती. गाडीत चढली, मग ऐकू आलं नाही.
वर्गात तोंड उघडते की डबी तशीच परत आणते, दुपारी कळेल. भात टाकलाय. जरा जास्तच टाकला.