आमच्या घरचा पंचवीस डिसेंबर

१२ डिसेंबर, शुक्रवार

लेकीने, ऊर्मीने, पुन्हा विचारलंच — आपल्या बाल्कनीत नाताळचा स्टार का नाही? समोरच्या इमारतीत सात लागलेत, तिने मोजले. अरुळ मान वर न करता म्हणाला, "आपण पाळत नाही." त्याच्यापुरता विषय संपला. माझा नाही संपला. या वर्षी घरात मामा आहेत.

मामा म्हणजे अरुळचे वडील. सासऱ्यांना इकडे तमिळमध्ये मामाच म्हणतात. मार्चमध्ये अत्तै, म्हणजे सासूबाई गेल्या, आणि जूनमध्ये आम्ही मामांना नागरकोविलहून वेलचेरीला आमच्याकडे आणलं. आयुष्यभर वीज मंडळात लाइनमन, आणि एकही रविवार चर्च न चुकवलेला माणूस! त्यांना आणून बसवलंय आमच्या देव नसलेल्या घरात. ते हॉलमध्येच होते, सगळं ऐकत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर, रविवार

चिठ्ठ्या टाकल्या. लग्नानंतर आम्ही दोघांनीच काढलेली रीत — पंचवीस तारखेला झाड नाही, प्रार्थना नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याच्यासाठी आपल्या हातांनी काहीतरी करायचं. विकत आणलेलं बाद! मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ऊर्मी त्याला हातदिवस म्हणते. मला तो दरवर्षी आवडतो.

मला मामांची चिठ्ठी आली. मामांना अरुळची. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "माझे हात थरथरतात, मा. मी त्याला काय करून देणार?"

अरुळ फोनमध्ये बघत होता.

१७ डिसेंबर

मामा रोज संध्याकाळी साडेपाचला 'वॉकिंग'ला जातात आणि आठला येतात. अडीच तास? त्या गुडघ्यांनी? अरुळच्या लक्षातही आलेलं नाही. माझं ऑफिसात लक्ष लागत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज अड्यारच्या ऑफिसातून लवकर निघाले. शेअर ऑटोतून उतरले तर चर्चच्या भिंतीलगतच्या कट्ट्यावर मामा! आत नाही — बाहेर, रस्त्याच्या बाजूला. आत नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. मला बघून चोरी पकडल्यासारखे उठले.

"आत का नाही जात, मामा?"

"अरुळला आवडणार नाही. त्याच्या घरात राहतो ना मी."

सहा महिने हा माणूस बाहेर बसतोय! त्यांच्याशेजारी बसले. दोन गाणी झाल्यावर दोघं चालत घरी आलो. वाटेत शेवग्याच्या शेंगा घेतल्या, जणू काही झालंच नाही.

२० डिसेंबर

सांगितलं अरुळला. मामा पेपर आणायला खाली गेले होते तेवढ्यात. भांडण झालंच.

"मी सोळा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मी देव मानत नाही, चर्चला येणार नाही म्हटलं, तर दोन वर्षं बोलले नाहीत ते माझ्याशी. समोर बसून अम्माला सांगायचे, त्याला विचार भात हवा का! आणि आता मी त्यांना जा म्हणून सांगू? मी जाऊ नका कधी म्हटलं?"

"जा असंही नाही म्हटलंस."

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "मी नाही का गणपती सोडला या घरासाठी?"

"मी कधी म्हटलं सोड?"

खरंच नव्हता म्हणाला. अकरा वर्षांत एकदाही नाही. मीच लग्नाआधी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं — मी कसलेही सण आणणार नाही! आणि दर भाद्रपदात पुण्याहून आईचा फोन आला की मनातल्या मनात त्याच्यावर चिडत आले. त्याला पत्ताच नाही.

दिवसभर उगाच कपाटं आवरली.

२२ डिसेंबर

कोणी कोणाशी बोलत नाहीये. ऊर्मी दार लावून काहीतरी चिकटवत बसलीय.

२५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे चारला जाग आली तर अरुळ अंघोळ करून, शर्ट घालून मामांच्या दारात उभा! "अप्पा, चला. स्कूटर काढलीय." मामा चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मला वाटलं चर्चला सोडून परत येईल. नाही आला. दोघं सातला परतले. "बाहेर डास होते, म्हणून आत बसलो," म्हणाला. तेवीस वर्षांनी!

दुपारी जेवताना मी मामांपुढे अच्चुमुरुक्कू, फुलाच्या साच्याने तळलेल्या गोड चकल्या, ठेवले, अत्तै करायच्या तसे. अर्धे साच्यालाच चिकटले होते. मामांनी तुकडेसुद्धा संपवले. मग त्यांची पाळी आली.

"मी हातांनी काही केलेलं नाही," ते म्हणाले. नजर ताटात. "ती दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. चुकलं माझं, अरुळ. हे बाद होईल का?"

अरुळ उठून बाल्कनीत गेला. ऊर्मी हळूच आजोबांना म्हणाली, "चालेल, ताता."

थोड्या वेळाने मामाही बाल्कनीत गेले. मी भांडी उशिरा घासली.

२८ डिसेंबर, रविवार

आजही अरुळ मामांना चर्चला घेऊन गेला. दर रविवारी नेणार म्हणतो. आल्यावर मामा माझ्याबरोबर मटार सोलत बसले. एकदम म्हणाले, "त्याला सांगू नकोस, मा. ती गेल्यापासून माझाही विश्वास उरला नाही. एकदाही प्रार्थना जमलेली नाही. बाहेर बसायचो ते गाण्यांसाठी. ती गायची ना गावच्या चर्चमध्ये."

"मग अरुळला नको का नाही म्हणालात?"

"मुलगा शेजारी येऊन बसलाय. मी कसा उठू?"