दंड कुणाचा?

रविवार, संध्याकाळ

जाड पेनानं लिहून राहिलो. ओळी एकमेकींवर चढल्या तर चढू देत. नजर अंधुक झाल्यापासून पहिल्यांदाच एकटा लातूरला गेलो, पोरीला कोचिंगच्या होस्टेलवर लाडू दिले. पण दिवसभर माझा दंड ज्याच्या त्याच्या हातात. परतताना स्टँडवर तर दोघांनी दोन दंड धरले. एक उदगीरच्या गाडीकडं ओढून राहिला, दुसरा अंबाजोगाईच्या. मला नांदेडला यायचं होतं, ते कुणी विचारलंच न्हाई. चिडावं का हसावं? हसलोच.

घरात शिरलो तर दंड धरायला कुणी न्हाई. बायको शेंगा फोडत बसलेली, उठली बी न्हाई. म्हणाली, "आलात? माठातलं पाणी घ्या. अन् मला बी एक गिलास आणा."

काठोकाठ भरून आणला.