‘गंज’मधला आवाज माझाच

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. थोडक्यात. पाल्हाळ नको.
मुलीच्या बँडचा अल्बम निघतोय. नाव ‘गंज’. म्हटलं, गंज घासून काढायचा असतो, त्याचं कसलं नाव ठेवता? म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही कळणार. जन्मभर अँप्लिफायर दुरुस्त केले, मला नाही कळणार! प्रॅक्टिस माझ्याच वर्कशॉपमध्ये चालते, हे सोयीने विसरली. ती ड्रम बडवते.

६ फेब्रुवारी
लांबूने समजावलं. लांबू म्हणजे गिटारवाला, दारातून वाकून येतो. ब्लॅक मेटल म्हणजे अंधार, गारठा, गांधीलमाश्यांसारखी गिटार आणि घसा फाडून किंकाळी. ग्राइंडकोर म्हणजे तेच, पण मागे कुत्रं लागल्यासारखं. यांनी दोन्ही एकत्र कालवलंय. मला शिंक आली, तेवढ्यात गाणं संपलं. म्हटलं, पुढचं वाजव. म्हणाला, काका, तेही झालं.

९ फेब्रुवारी
महत्त्वाचं. शेवटच्या गाण्यात बँडबाहेरचा आवाज हवाय. मुलगी म्हणाली, शिकलेला गळा नको, घरातलं माणूस हवं. वर्षानुवर्षं आत दाबून ठेवलेलं बाहेर यायला पाहिजे. बोलताना माझ्याकडेच बघत होती. आमची ही माझ्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती, त्यामुळे पोरीला मान जरा वाकडी करावी लागत होती, एवढंच.
उघड आहे. लगेच हो म्हटलं नाही. मोठ्या माणसाने भाव राखावा.

१० फेब्रुवारी
रियाज सुरू. बाथरूममध्ये. शेजाऱ्याने दार वाजवून विचारलं, पडलात का? सांगितलं, गातोय. म्हणाला, डॉक्टरला फोन लावू का? कलेचं कुणाला काय पडलंय!

१४ फेब्रुवारी
बँडला सरप्राइज दिलं. लांबूच्या अँपला भयंकर घरघर होती. कपॅसिटर फुगलेला, सोल्डर सुटलेलं, स्पीकरचा कागद फाटलेला. सगळं नवीन टाकलं. आवाज आता बासरीसारखा. लांबू आला, एक तार छेडली आणि मटकन खाली बसला. डोळ्यांत पाणी. मुलगी म्हणाली, बाबा, ती घरघर जमवायला याला दोन वर्षं लागली. म्हटलं, आणि घालवायला मला एक दुपार!
आजकालच्या पोरांना आभार मानता येत नाहीत. रडतात.

२० फेब्रुवारी
प्रॅक्टिस दुसरीकडे हलवली. ड्रमसुद्धा उचलून नेले. मुलगी म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास नको. काळजी करते पोरगी. हल्ली ही पण त्यांच्याबरोबर जाते. डबे पोचवायला कुणीतरी लागतंच.
वर्कशॉप झाडून ठेवलं. रेकॉर्डिंगला इथेच येणार, दुसरं कुठे जातात!

२७ फेब्रुवारी
हिचा घसा बसलाय. सांगितलं, गार पाणी पिऊ नकोस. काही बोलली नाही. कधीच बोलत नाही. शांत बाई, म्हणून तर संसार टिकला. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोय, आवाजासाठी. उरलेलं पाणी तिला दिलं.

८ मार्च
शेवटी मीच विचारलं, रेकॉर्डिंग कधी? मुलगी म्हणाली, झालं की. म्हटलं, माझं? म्हणाली, तुमचं काय? मग जीभ चावली. शेवटचं गाणं आईने केलं म्हणे. एका टेकमध्ये. लांबू घाबरून भिंतीला चिकटला.
विश्वासघात! माझ्याच घरात, माझ्याच मिठाच्या पाण्यावर!
हिला विचारलं, आधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी?
निर्णय : अल्बमवर बहिष्कार. हिच्याशी अबोला.

१० मार्च
अबोला कडक चालू. हिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. उलट काम करताना गुणगुणते.

११ मार्च
अबोला धरलाय, असं हिला सांगितलं. म्हणाली, बरं.

२२ मार्च
अल्बम आला. बहिष्कार कायम, पण तांत्रिक तपासणी म्हणून ऐकला. शेवटचं गाणं. गिटार, ड्रम, सगळं एकदम थांबतं आणि तो आवाज येतो. चहा अंगावर सांडला. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, हा आवाज कधी ऐकला नव्हता. पुन्हा लावलं. परत लावलं. शब्द काही लागेनात. मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, आईलाच विचारा ना.
ही खिडकीशी भाजी निवडत होती. म्हटलं, शब्द काय आहेत? म्हणाली, शब्द नाहीत. म्हटलं, मग एवढी ओरडलीस कुणावर?
तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. चांगली हसली. म्हणाली, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.
झालो.