सगळ्यांत ओरडं पिल्लू

भांडुप,
४ जुलै २०२५

सौ. रत्नप्रभा हिस, अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक. फोनवर अक्षता ओरडते ते मला नुसतं खरखर लागतं, आणि मोबाइलवर टाइप करणं काही जमत नाही, म्हणून हे पत्र. गिरणीतल्या साच्यांच्या, त्या मागांच्या खडखडाटाने कान नेले ते नेलेच. लेकीची जुळी सांभाळायला तू नागपूरला गेलीस त्याला तेरा महिने झाले. जाताना तीन म्हणाली होतीस. तक्रार नाही गो, आठवलं म्हणून लिहिलं.

मी तिकडे यावं म्हणतेस, पण चाळीच्या पुनर्विकासाचा सर्व्हे चालू आहे. खोलीला कुलूप दिसलं तर नाव उडायचं. तेव्हा एक विचारायचं होतं. माझा गिरणीतला सोबती दत्ताराम, त्याच्याकडे कांदिवलीला मांजरीने चार पिल्लं दिलीत. एक आणू का? तू मांजराला कधी उंबरा ओलांडू दिला नाहीस, ते ध्यानात आहे. नाही म्हणालीस तर विषय संपला.

नातवंडांना पापा. लोभ तिकडे जास्त झाला असेल तर थोडा इकडे धाडावा.

गुणाजी

नागपूर,
११ जुलै २०२५

अक्षताच्या बाबांस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. मांजर मी का नको म्हणत होते? दहा बाय बाराच्या खोलीत आपण, पोर आणि सुक्या बांगड्यांचा डबा, पाय ठेवायला जागा नव्हती. आता जागा झाली होय? मी येणार नाही असं धरूनच चाललात काय? सरळ लिहा.

रागाने दुपारी जेवले नाही. मग वाटलं, तिकडे तुम्ही तरी कुणासमोर जेवत असाल? अक्षताला म्हटलं, मला जाऊ दे. ती म्हणाली, पाळणाघरात जागा मिळेपर्यंत थांब ना आई. तिचंही खोटं नाही, बँकेची नोकरी करून दोन दोन पोरं सांभाळायची कशी?

तर आणा. पण शांत बघून आणा, शेजाऱ्यांना ताप नको. आठ दिवस दार लावून ठेवा, नाहीतर पळेल. लोभ आटू देऊ नये.

रत्नप्रभा

भांडुप,
२१ जुलै २०२५

सौ. रत्नप्रभा हिस, अनेक आशीर्वाद.

आणलं एकदाचं. तिघांची घरं ठरली होती. चौथं काळंपांढरं, कोपऱ्यात तोंड वासून बसलेलं. दत्तारामने कागदावर लिहून दाखवलं, हे दिवसभर ओरडतं म्हणून कुणी नेत नाही. मी म्हटलं, दे इकडे, आपल्याला काय फरक पडतो! शांत आण म्हणाली होतीस, ते तिथे विसरलोच.

बसमध्ये लोक वळून वळून माझ्या पिशवीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी शेजारची शीतल थेट घरात घुसली. हातवारे करून सांगू लागली, पिल्लू सकाळपासून बोंबलतंय आणि काका तुम्ही पेपर काय वाचताय! वाट लागली. आईला शोधत असणार बिचारं. छातीशी घेतलं, पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तळहाताला घुरघुर लागली. गो, मला ती ऐकू आली. कानाने नाही, हाताने. किती वर्षांनी घरात कुणाचा आवाज आला. चहा गार झाला तरी उठलो नाही. आणि मग तुझी इतकी आठवण आली की डोळे पुसायलाही हात काढवेना.

तू येणार नाहीस असं मी कधीच धरलं नाही. धरलं असतं तर परवानगी कशाला मागितली असती?

गुणाजी

नागपूर,
२९ जुलै २०२५

अक्षताच्या बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अक्षताला वाचून दाखवत होते, अर्ध्यावर मला पुढे वाचवेना. उरलेलं तिने वाचलं आणि माझं तिकीट काढलं. पाळणाघर अजून मिळालेलं नाही, पण जावई महिनाभर घरून काम करणार आहेत. पुढचं पुढे बघू. सात तारखेला सकाळी पोचते. पिल्लाला माझ्या उशीवर झोपवत असाल तर आत्ताच सवय मोडा.

एका गोष्टीवरून मात्र भांडणार आहे. इतकी वर्षं मी तुमच्याशी घसा फोडून बोलले. अख्ख्या चाळीला ऐकू गेलं. ज्या गोष्टी हळूच सांगायच्या असतात त्या मग मी सांगितल्याच नाहीत, ओरडून कशा सांगायच्या? तशाच राहिल्यात सगळ्या, माझ्यापाशी. हाताने ऐकू येतं, हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

लोभ समक्ष.

रत्नप्रभा