छोटा हत्ती, त्याचा हौदा व डावीकडील पायरी यांच्या व्यवस्थेबाबत

मी, अलाउद्दीन बाबालाल मुलाणी, वय वर्षे ७१, धंदा दोरखंड, ताडपत्री व शेतीअवजारांचे दुकान, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, सकाळचा चहा घेऊन आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो ती अशी.

येत्या गुरुवारी माझ्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. गुडघ्याने माणूस मरत नाही, असे डॉक्टर हसून म्हणाले. ते हसले नसते तर मी हा कागद केला नसता. माझी पत्नी बिस्मिल्ला हिचे म्हणणे असे की, मला मरणाची भीती नाही, मला एका माणसाची माफी मागण्याची भीती आहे आणि म्हणून मी वकील केला. तिचे म्हणणे येथे नोंदवून ठेवतो. ते खोटे आहे असे मी लिहिणार होतो, पण शपथेवर लिहायचे असल्याने थांबतो.

१. राहते घर, दुकानाचा गाळा, बँकेतली शिल्लक व मागील दारचा शेवगा यांचे वाटे आमच्या शरियतीप्रमाणे माझ्या वारसांत पडतील. त्यात मी लुडबुड करीत नाही. चिरंजीव फिरोज हिंजवडीला नोकरी करतो आणि नेऱ्याला राहतो. पुढेमागे त्याने दुकान चालवायला घेतलेच, तर पाटीवरचे ‘मुलाणी दोरवाले’ हे नाव बदलू नये. त्याने मागे एक इंग्रजी नाव सुचवले होते. ते मी विसरलो आहे आणि त्यानेही विसरावे.

२. दुकानात भिंतीला टांगलेला जुना तराजू विकू नये. तो दोन गुंजा जास्त माल देतो हे मला चाळीस वर्षे माहीत आहे. गिऱ्हाइकांनाही माहीत आहे.

३. आता मुख्य मिळकत. माझ्या नावावर एक जुनी चारचाकी मालवाहू गाडी आहे. या गाडीला आमच्याकडे लहानथोर सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. रंग पांढरा, वय नऊ वर्षे. ती दीड वर्षापूर्वी मी नेऱ्याच्या एका मांडववाल्याकडून घेतली. पसंत करायला माझ्याबरोबर माझा शाळेपासूनचा मित्र वाल्मीक गेनबा धुमाळ, राहणार कासार आंबोली, आला होता. त्याने पाठीवर झोपून गाडीखाली शिरून हातोडीने चेसिस ठोकली. मी ऑइलचा वास घेतला. आम्हा दोघांनाही त्यातले काही कळत नाही, पण मांडववाला घाबरला आणि त्याने दोन झारे आणि एक सतरंजी गाडीबरोबर फुकट दिली.

बेत असा होता की, वाल्मीकच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ आणि माझ्या दुकानातला माल घेऊन दर रविवारी बावधनच्या सोसायट्यांच्या दारात उभे राहायचे. गाडी माझी, गोठा त्याचा, कारण पौडात ती उभी करायला जागा नाही. पहिल्या फेरीपूर्वी गाडीत चार किरकोळ सुधारणा कराव्यात, असे ठरले.

सुधारणा येणेप्रमाणे झाल्या. भार पेलावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले. त्यामुळे रिकामी गाडी इतकी उडू लागली की वाल्मीकची टोपी दोनदा खिडकीबाहेर गेली. ती उडू नये म्हणून हौद्यात दोन दगड ठेवले. दगड सरकू नयेत म्हणून हौद्याला रबरी मॅट घातली. मागे उघडणाऱ्या फाळक्याची कडी सैल होती, तेथे साखळी लावली. पावसासाठी लोखंडी कमानी आणि वर माझ्या दुकानातली सर्वात जाड ताडपत्री. धुक्यासाठी पिवळे दिवे. मग अवजारांची पेटी, दोन स्टेपन्या, पिण्याच्या पाण्याची टाकी, तराजू ठेवायला घडीचे टेबल आणि गिऱ्हाईक बसवायला बाकडे. हे सगळे ज्याने बसवले तो गॅरेजवाला जयसिंग शेवटी म्हणाला, “मामा, आता हौद्यात चार पोती बसत्याल. माल न्यायला आजून येक गाडी बघू का?”

थोडक्यात, ही गाडी घेतल्यापासून आजतागायत तिच्यात तांदळाचे एकही पोते चढलेले नाही.

४. सदर गाडी, वर लिहिलेल्या सर्व सुधारणांसह आणि दगडांसह, माझ्या पश्चात वाल्मीक गेनबा धुमाळ यास मिळावी.

आमच्यात वारसाबाहेरच्या माणसाला एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत देता येते. गाडी त्यात आरामात बसते, असे आमच्या वकीलबाई शुभांगीताई सांगतात. मात्र मसुद्यात त्यांनी वाल्मीकच्या नावापुढे ‘वारसाबाहेरील त्रयस्थ इसम’ असे लिहिले होते. मी ते दोनदा खोडले, त्यांनी दोनदा परत लिहिले. तिसऱ्यांदा मी विचारले, “ताई, चौथीत ज्यानं माझ्या वाटचा मार खाल्ला तो त्रयस्थ कसा?” त्या म्हणाल्या की, कायद्यात चौथी धरत नाहीत.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. आम्हा मुसलमानांना ते कलम लागते की नाही हा वेगळा वाद, पण त्यांच्या ऑफिसात तसा कागद होत नाही. वाल्मीकने सही केली की त्याची गाडी गेली, इतके ते सरळ आहे. म्हणून साक्षीदार म्हणून जयसिंग आणि शेजारच्या गाळ्यातला झेरॉक्सवाला शेखर यांची नावे घातली आहेत.

५. आता, एवढा जिवलग मित्र असून मी ही गोष्ट त्याला समोर का सांगत नाही, असे कोणी विचारील. आम्ही आठ महिने बोलत नाही.

झाले ते असे. गेल्या जूनमध्ये जयसिंगच्या गॅरेजवर मी गाडीच्या उजव्या बाजूला उभा राहून पिवळे दिवे पुसत होतो. वाल्मीक डाव्या बाजूला होता. गॅरेजवर सहा-सात माणसे होती. वाल्मीक तिकडून मोठ्याने म्हणाला, “मुलान्या, ही तुजी पायरी. नीट बगून ठिव.”

बासष्ट वर्षांची मैत्री असलेल्या माणसाने चार लोकांत मला माझी पायरी दाखवली, असे मला वाटले. माझे डोके फिरले. मी जागेवरूनच ओरडलो, “बंगलेवाल्यांना जमीन विकून पाटील झालास व्हय? उरलेली बी वीक आन् मग दाखव पायरी!” वाल्मीकने जमीन का विकली हे पौडात मला एकट्याला माहीत होते. त्याच्या बायकोच्या, सगुणाबाईच्या आजारपणात ती गेली आणि वर्षभरात सगुणाबाईही गेली. तो गाडीत बसला आणि निघून गेला. मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्यानंतर मी ती गाडी पाहिलेली नाही.

६. या मृत्युपत्राचा पहिला मसुदा गेल्या महिन्यात झाला. तो वकीलबाईंच्या बावधनच्या ऑफिसात अपूर्वा नावाच्या मुलीने टाइप केला. मुलगी हुशार, कागदावर अशुद्ध काही राहू नये अशी तिची तळमळ. ‘छोटा हत्ती’ हे तिला गावठी वाटले, म्हणून तिने ‘हत्तीचे पिल्लू’ असे केले. ‘हौद्यासह’ हा शब्द तिला बरोबर वाटला, तो तसाच ठेवला. त्या मसुद्याची एक प्रत मी शेखरकडे झेरॉक्सला दिली. त्याने एक जादा काढून स्वतःला ठेवली, वाचली आणि कोणाला तरी दाखवली. पाचव्या दिवशी, हत्ती पाळण्याचे परवाने ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या कार्यालयाचे दोन साहेब माझ्या दुकानात आले.

“तुमच्याकडे हत्ती आहे?”

“आहे की,” मी म्हणालो. मला वाटले, गाडीचे कागद बघायला आले.

“कुठे ठेवलाय?”

“कासार आंबोलीला, मित्राच्या गोठ्यात. सात महिने हलला नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. “साखळी आहे?”

“मागं लावलीया. नवीन हाय.”

“आणि खायला काय घालता?”

“डिझेल,” मी म्हणालो.

धाकटे साहेब लिहीत होते ते थांबले. थोरले जीपमध्ये बसले आणि जीप कासार आंबोलीकडे गेली. तासाभराने ते परत आले ते डोळे पुसत. हसून हसून त्यांना नीट उभे राहवत नव्हते. वाल्मीकने त्यांना गोठ्यात नेले, पोत्याने गाडी पुसून दाखवली आणि काय सांगितले ते थोरल्या साहेबांनी मला त्याच्याच बोलीत म्हणून दाखवले: “हाय न्हवं हत्ती. लई गुनाचा हाय. मालकाचा डावा गुडगा दुखतोय, चढाया जमत न्हाई, म्हनून ह्या बाजूनं पायरी बी लावून घेतलीया. पर मालकच यीत न्हाई.”

मी दुकानातल्या दोरीच्या बंडलावर बसलो. साहेबांनी पाणी मागितले ते मला ऐकू आले नाही. बिस्मिल्लाने आतून आणून दिले.

पायरी म्हणजे पायरी होती. लोखंडी, फूटभर रुंद, पाय घसरू नये म्हणून वर रबर लावलेली. मी ती पुढे होऊन पाहिली असती तर आठ महिने वाचले असते.

७. सबब लिहून ठेवतो की, गेल्या जूनमध्ये गॅरेजवर मी जे बोललो ते मी मागे घेतो. ते वाईट होते आणि मला त्याची लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे कलम फिरोजने वाल्मीकला वाचून दाखवावे. त्याला चष्म्याशिवाय जवळचे दिसत नाही आणि तो चष्मा वापरत नाही. फिरोजने सावकाश वाचावे.

८. अपूर्वावर कोणी रागावू नये. तिने चूक केली नसती तर मी माझी चूक घेऊन मेलो असतो. दुकानातून तिला कपडे वाळत घालायची उत्तम नायलॉनची दोरी द्यावी.

९. शेखरला मी काही ठेवत नाही. त्याने एक जादा प्रत आधीच ठेवून घेतली आहे.

१०. जयसिंग साक्षीदार, म्हणून त्याला येथे काही ठेवता येत नाही; माझ्याकडचा मोठा जॅक आणि पान्यांचा संच मी त्याला आजच देऊन टाकला आहे. मात्र माझ्या मागे वाल्मीकने आणखी सुधारणा सांगितल्या तर त्याने साफ नकार द्यावा. दोन झारे आणि सतरंजी बिस्मिल्लाकडे राहू देत.

येणेप्रमाणे हा कागद मी वाचून, समजून, माझ्या दुकानात बसून केला.

ठिकाण: पौड, ता. मुळशी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

सही: अलाउद्दीन बाबालाल मुलाणी

साक्षीदार:

१) जयसिंग, गॅरेजवाला. सही.

२) ~~शेखर, झेरॉक्सवाला.~~

(हाताने लिहिलेले) शेकरच्या जागी मी. सगळा कागद वाचून घेतला, सात नंबर दोनदा. सही केल्याव गाडी मिळनार न्हाई ह्ये वकीलबाईनी फोनवर सांगितलं, म्हनूनच करतोय. मला गाडी नको. गुरवारी दवाखान्यात मी नेनार. सकाळी सातला हारन वाजवीन. पायरी हाय. सही: वाल्मीक गेनबा धुमाळ.

(खाली, मृत्युपत्र करणाऱ्याच्या हस्ताक्षरात)

बिस्मिल्ला शेखरला बोलवायला गेली होती. शेखर शेजारच्या गाळ्यात असतो. तिला परत यायला दीड तास लागला आणि ती कासार आंबोलीहून गाडीत बसून आली. वाल्मीक आत येऊन माझ्यासमोर बसला. मी सात नंबरचे कलम त्याला स्वतःच वाचून दाखवले, सावकाश. दुसऱ्यांदा वाचताना मला वाचवेना, ते जयसिंगने पुरे केले. वाल्मीक म्हणाला, “आठ म्हयनं हत्ती पुसतुया मी. तुज्या मायला, येक फोन करायचा व्हता.” मग त्याने पेन मागितले.

त्यामुळे चौथे कलम गेले. आता गाडी कोणाला जाते हे मला ठरवता येत नाही आणि गुरुवारपर्यंत नवा कागद होणार नाही, असे वकीलबाई म्हणतात. तोवर गाडी माझीच. तिची पहिली फेरी गुरुवारी सकाळी सात वाजता आहे. जाताना माल मी. हौद्यातले दगड काढायचे नाहीत आणि येतानाही माल मीच आहे, असे मी वाल्मीकला बजावले आहे.

अलाउद्दीन