रडायला आणलेली बाई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तुझा जीव टांगणीला लागला असेल. तो मीच बंद करून कपाटात टाकलाय. त्यातून जे येतं ते वाचलं की आंघोळ करावीशी वाटते. म्हणून हे पत्र, तेही डाव्या हाताने. उजवा अजून पट्टीत आहे. अक्षराला हसू नकोस. तू शिकवलेलं वळण तेवढं मोडलंय, बाकी मी धड आहे.

आमच्या शिवणकारखान्याला आग लागली हे तुला कळलंय, पुढचं कळलेलं नाही. सकाळी साडेदहाला कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. जिन्यात धूर भरला म्हणून आम्ही मागच्या दाराकडे धावलो, तर बाहेरून कुलूप. कपडे चोरीला जातात म्हणून मालक ते रोज लावून घ्यायचा. मी खिडकीतून पत्र्यावर उडी टाकली. चौघी आतच राहिल्या. त्यांत माझ्या शेजारची बटणवाली. सहा वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. खाली रस्त्यावर कुणीतरी तोंडासमोर कॅमेरा धरला, तेव्हा मी रडत रडत एवढंच म्हणाले, की दार बंद होतं.

मालक सत्तेतल्या पक्षाचा, आणि दादा दिवसभर जी वाहिनी लावून बसतो ती त्याच पक्षाची. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या तोंडाभोवती लाल गोल काढून दाखवला. ही म्हणे रडायला आणलेली बाई, विरोधकांची भाडोत्री नटी; दोन वर्षांपूर्वी एका मोर्चातही हीच रडत होती. ती मोर्चातली बाई माझ्याहून वीतभर उंच आहे, ताई.

आणि घरच्या गटावर तो व्हिडिओ सगळ्यांत आधी टाकला आपल्या दादाने. खाली लिहिलंय, असल्या बायकांच्या थोबाडावर थुंकलं पाहिजे. चुलत भावांनी पटापट अंगठे दिले. माझा चेहरा काजळीने माखला होता, डोक्याला रुमाल होता. त्याने ओळखलं नसेल. तू जाऊन त्याला सांग. त्याला वाईट वाटेल, पण सांग.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दुपारी दादाच्या दुकानात गेले. चाळीस वर्षं सुइणीचं काम केलंय, माणसाच्या अंगातून काय काय बाहेर पडतं ते सगळं पाहिलंय. कधी किळस आली नाही. त्या दुपारी आली.

तो डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. टीव्ही चालूच. मी तो बंद केला आणि म्हटलं, बाबा रे, तू ज्या बाईवर थुंकायला निघालास ती आपली धाकटी आहे. त्याने भिंग काढून खाली ठेवलं. मला वाटलं, आता रडेल. म्हणून मी पाठीवर हात ठेवला. तर म्हणाला, ताई, मी पहिल्या फटक्यात ओळखलं होतं. ती रडताना खालचा ओठ आत घेते, लहानपणापासून.

मला वाटलं माझे कान बिघडले. मी विचारलं, मग गटावर कसं टाकलंस? तर म्हणाला, बहीण झाली म्हणून खोटं खपवून घ्यायचं का? वाहिनी पुराव्याशिवाय दाखवत नाही. हिला कुणीतरी पढवलंय. मी म्हटलं, अरे, तिचा हात भाजलाय. त्यावर म्हणाला, हात हल्ली रंगवूनही मिळतात. तुझी वहिनी आतून म्हणाली, वन्सं, तुम्ही बातम्या बघत नाही ना, म्हणून तुम्हाला कळत नाही.

मी त्यांच्या घरचं पाणीही न घेता उठले. माझाच भाऊ, माझ्याच कडेवर वाढलेला. वाटेत नळावर हात धुतले, त्याच्या पाठीवर ठेवलेला तो हात दोनदा.

तू जप. मी आहे, हे धरून चाल.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईने आकांडतांडव केलं, पण मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू लहानपणापासून भोळी. कुणी गोड बोललं की त्याच्यामागे जायचीस, मग मी खांद्यावर घालून घरी आणायचो. आताही तसंच झालंय. तुझा वापर करून घेतला त्या लोकांनी. म्हणून मी तुला मोठ्या मनाने माफ केलं आहे.

आता चूक सुधार. वाहिनीच्या फोनवर मी स्वतः बोललो. माणसं फार सभ्य आहेत. तुझी बाजू मांडायला ते तुझ्या खोलीवर येतील, मी पत्ता दिला आहे. दार उघडं होतं, मला तसं बोलायला लावलं, एवढं सांगून मोकळी हो. घराण्याचं नाव स्वच्छ होईल. हाताला कोरफड लाव, जर खरंच भाजला असेल तर.

तुझ्या भल्यासाठी झटणारा,
दादा


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र सोबत ठेवते. माझ्याजवळ नको.

ती सभ्य माणसं आली. जिन्यात दिवे लावले, शेजाऱ्यांना विचारलं ही बाई धंदा काय करते. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर पन्नास टाळकी जमली होती. घरमालकीण रडत म्हणाली, तू वाईट नाहीस, पण माझ्या काचा फुटतील. बटणवालीच्या आईने मला मागच्या गल्लीतून आपल्या घरी नेलं. तिच्या लेकीच्या पलंगावर मी झोपते. त्या माऊलीने एकदाही विचारलं नाही, की तू कशी सुटलीस आणि ती का नाही.

काल चौकशी समितीपुढे साक्ष झाली. मालकाचा वकील गोड आवाजात म्हणाला, धुरात दार सापडलं नसेल. मी म्हटलं, सापडलं होतं साहेब, त्यालाच तर हात लावला, तापलेली कडी होती. मग अग्निशमनवाल्याने ते दार फोडतानाचे फोटो ठेवले. बाहेरच्या कडीत कुलूप लटकलेलं, घट्ट लागलेलं.

दादा आला होता. मागच्या बाकावर बसला होता. फोटो त्यानेही पाहिले. बाहेर येऊन मला म्हणाला, कुलूप काय, नंतरही लावता येतं.

मी काही बोलणार तोच बटणवालीची आई पुढे झाली. हा माझा भाऊ एवढंच तिला ठाऊक. तिने त्याला पाण्याचा पेला दिला, म्हणाली, बहिणीच्या काळजीने तुमचा जीव अर्धा झाला असेल. तो पाणी प्यायला, सगळं प्यायला. मग त्याने आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने विचारलं, की बाई, तुम्हाला खरंच मुलगी होती का?

तिला प्रश्नच कळला नाही. तिला वाटलं, मुलं किती असं विचारतोय. म्हणाली, हो ना, एकच. घरी येऊन आधी चप्पल काढायची, मग मला हाक मारायची. तो मान हलवत ऐकत होता. दुकानात लबाड गिऱ्हाइकाचं ऐकतो ना, तसा.

ताई, मला शिसारी आली. ओकारी आली म्हटलं तरी चालेल, कोपऱ्यात जाऊन वाकले होते. परत येऊन त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हटलं, घरी जा. त्याने विचारलं, तू येत नाहीस? मी बटणवालीच्या आईंचा हात धरून चालू लागले.

आपल्या पोटात मला जागा ठेव.

तुझी,
धाकटी


१४ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

समितीचा अहवाल आला. दार बाहेरून बंद होतं, असं त्यात लिहिलंय. मालकाला अटक झाली. तुझ्या वाहिनीवर त्या दिवशी दुसरंच काहीतरी चाललं होतं, असं ताईने कळवलं. तुझी चार पत्रं मिळाली, हाताची चौकशी मिळाली, जुन्या आठवणी मिळाल्या. झालं ते विसरू या, हेही मिळालं.

मला जे म्हणालास ते मी एक दिवस गिळीनही. एका ताटात जेवलोय. पण त्या आईला जे विचारलंस ते माझ्या घशाखाली उतरत नाही. तिला तुझ्या प्रश्नाचा अर्थ आठवड्याने कळला. भांडी घासता घासता कळला. ती हात तसेच ओले ठेवून खाली बसली.

तिची माफी माग. लिहून माग. कागद ताईकडे दे, ती वाचेल. त्यात एक जरी ‘पण’ सापडला, तर ती तो पुढे पाठवणार नाही. तोवर मला पत्र नको.

धाकटी