एकोणनव्वद एमबीपीएस कुठं गेले?

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
नेट स्लो. गेटवरचा कॅमेरा मोबाईलवर अडकत अडकत दिसतो. दूधवाला गेटपाशी आला आणि तिथंच पुतळा झाला. पुन्हा दिसला तेव्हा सायकलवरून निघाला होता.
स्पीड मोजला. प्लॅन शंभरचा, मिळतात अकरा. उरलेले एकोणनव्वद कुठं गेले? आपोआप तर जात नाहीत. कोणीतरी नेतो.
कृषी खात्यात बत्तीस वर्षं पर्यवेक्षक होतो. खताच्या पोत्यातलं एक किलो कमी झालेलं मला नुसतं पाहून कळायचं. हे तर एकोणनव्वद आहेत.

सकाळी ९.
अकोल्याहून रागिणीचा फोन. येत्या शुक्रवारी नव्हे, पुढच्या, म्हणजे १४ ला अकरा वाजता तिचा ऑनलाईन इंटरव्ह्यू आहे. नागपूरच्या कॉलेजात पर्मनंट जागा. पोरगी नऊ वर्षं अकोल्यात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते आहे. तिच्या गल्लीत पाईपसाठी रस्ता खोदला, नेट तुटलं. म्हणाली, तुमच्याकडे येऊ का? म्हटलं, बिनधास्त ये. बापाचं नेट आहे.
अकरा दिवस आहेत. चोर त्याआधी सापडेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
कस्टमर केअरला फोन. बाईंनी विचारलं, नेटला काय काय जोडलं आहे? सांगितलं, दोन मोबाईल आणि टीव्ही. त्या म्हणाल्या, राउटर बंद करून चालू करा. केला. बारा झाले. म्हणजे तक्रार केली की एक वाढवून देतात. कंपनीवरही लक्ष ठेवायला हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी ५.
संशयित सापडला. शेजारचे महादेवराव.
हा माणूस मूळचा वलगावचा. तिथल्या शेतात शेवंती लावतो, पहाटे फुलं घेऊन मार्केटला जातो, अकराला परत येतो, झोपतो. साडेचारला ओसरीवर खुर्ची टाकून मोबाईल पाहतो आणि हसतो.
मुद्दा हसण्याचा आहे. आज मी दोन घरांमधल्या भिंतीपाशी उभा राहून घड्याळ लावून ऐकलं. सतरा मिनिटं सलग हसले. आपल्याकडे व्हिडिओ दर दोन मिनिटांनी थांबतो. आपल्या नेटवर कोणी इतकं सलग हसूच शकत नाही. मग हे कोणाच्या जिवावर हसतात?
बायकोला, माणिकबाईला, पुरावा सांगितला. ती म्हणे, "अहो, त्यायच्या घरी त्यायचं सोताचं नेट असन ना!" म्हटलं, मग वायर दाखव. भिंतीवरून पाहिलं, वायर नाही. ती कुकर लावायला आत गेली. पटलं असावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
आणखी दोन कॅमेरे आणले. एक भिंतीकडे तोंड करून, एक गच्चीवर. स्वतः बसवले. अंगठ्याला थोडं लागलं. चोवीस तास रेकॉर्डिंग, सगळं ऑनलाईन साठतं, पुसलं जात नाही.
रात्री स्पीड सात. चोराला सुगावा लागला. जाण्याआधी जास्त लुटून घेतो आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
पासवर्ड बदलला. सोळा अक्षरी, त्यात संस्कृत. माणिकबाई रोज संध्याकाळी मोझरीच्या आश्रमातली प्रार्थना मोबाईलवर ऐकते, ती आज लागली नाही. पासवर्ड सांगायला गेलो तर मलाच नववं अक्षर आठवेना. राउटर रिसेट करावा लागला.
तिकडे महादेवराव साडेचारला हसलेच. म्हणजे नवा पासवर्ड त्यांना आधीच मिळाला होता. माझ्याआधी! हे घरातलंच काम. माणिकबाईला सहज विचारलं, तू कोणाला बोललीस का? ती सहज उठून माधवीताईंच्या भिशीला गेली.

९ नोव्हेंबर, रविवार.
मानसशास्त्र वापरायचं ठरवलं. आपल्या नेटवर्कचं नाव बदलून ठेवलं: 'शेजाऱ्या लाज बाळग'. आजूबाजूच्या प्रत्येक मोबाईलमध्ये ते दिसतं.
संध्याकाळी समोरचा किशोर आला. मेडिकल स्टोअरवाला, बडबड्या. "वामनराव, कोन्या शेजाऱ्याले म्हणून राहिले हो? मले तं नाई ना?" मी नुसता हसलो. असं हसल्यावर माणूस आतून हलतो.
साडेचारला महादेवरावांची खुर्ची रिकामी. ओसरीवर कोणी नाही. गुन्हा कबूल!

१० नोव्हेंबर, सोमवार.
महादेवराव रोज सकाळी पूजेसाठी शेवंतीची पुडी भिंतीवर ठेवायचे. सात वर्षांत खंड नव्हता. आज पुडी नाही. सराईत माणूस आधी संबंध तोडतो.
माणिकबाईनं अंगणातली तगर वाहिली. चहाचा कप माझ्यापुढे आपटून ठेवला.
चौथा कॅमेरा आणला आणि हॉलमध्ये थेट राउटरसमोर लावला. ती म्हणाली: "आता काय, चोर घरात शिरला?" म्हटलं, शक्यता सोडायची नाही.
स्पीड चार.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १.
कंपनीकडून करिश्मा नावाच्या बाई आल्या. हातात मशीन. खांबापासून वायर तपासली, राउटर तपासला, लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत म्हणाल्या, "काका, लाईन एकदम ओके आहे. तुमचे चार क्यामेरे दिवसरात्र व्हिडिओ वर पाठवून राहिले. सारं नेट तेच खाऊन राहिले. बंद करा, पाहा कसं पयते."
मी सावध झालो. अनेक उपाय असताना या बाईला नेमके कॅमेरेच का बंद हवे आहेत? कॅमेरे बंद झाल्यावर फायदा कोणाचा? सहज विचारलं, गाव कोणतं? म्हणाल्या, वलगाव.
वलगाव!
पाणी दिलं, सही केली, गेटपर्यंत सोडलं. कॅमेरे चालूच ठेवले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी.
रागिणी आली. जेवणाआधी तिनं मैत्रिणीला ट्रायल कॉल लावला. मैत्रीण एक डोळा मिटलेल्या अवस्थेत तीन मिनिटं तशीच राहिली. रागिणी म्हणाली, बाबा, मी सायबर कॅफे बघू का? म्हटलं, वेडी आहेस का. उद्याचा बंदोबस्त तयार आहे. सकाळी दहापासून आईचा मोबाईल बंद, टीव्ही बंद, तू राउटरला चिकटून बसायचं, मी भिंतीपाशी पहारा देणार.
तिनं विचारलं, पहारा कशावर? म्हटलं, तू अभ्यास कर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
थोडक्यात लिहितो.
अकराला इंटरव्ह्यू सुरू झाला. मी बाहेर भिंतीपाशी, हातात मोबाईल, चारही कॅमेरे स्क्रीनवर. अकरा वाजून चार मिनिटांनी आतून रागिणीचा आवाज आला: "सर, ऐकू येतंय का? सर? हॅलो सर?" मग काहीच नाही.
मी स्क्रीनवर हॉलचा कॅमेरा मोठा करून पाहिला. रागिणी खुर्चीवर शांत बसलेली दिसली. म्हटलं, चला, लागलं नेट. मान वर केली तर रागिणी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोरून पळत चालली होती. स्क्रीनवर ती अजून खुर्चीतच.
गेटातून बाहेर पडली आणि महादेवरावांच्या घरात शिरली. मागोमाग माणिकबाई, अनवाणी. मी पोचेपर्यंत दार बंद. दाराबाहेर खुद्द महादेवराव उभे. ओठांवर बोट ठेवून मला म्हणाले, "हळू. पोरीचं चालू हाये."
मी परत आलो. घरात कोणी नव्हतं. चाळीस मिनिटं राउटरसमोर बसलो. त्याचे सगळे दिवे हिरवे होते.

दुपारी.
रागिणी परत आली. चेहऱ्यावरून चांगलं झालं असावं. म्हणाली, पहिली पाच मिनिटं गेली, पण त्यांनी पुन्हा सुरुवात करू दिली. काकांनी मिक्सर बंद केला, पंखा बंद केला, बेल वाजू नये म्हणून स्वतः बाहेर उभे राहिले.
त्यांचं स्वतःचं नेट आहे. तीन वर्षांपासून. वायर मागच्या खांबावरून येते. मागची बाजू मी पाहिली नव्हती. तपासात एक बाजू राहून जाते कधी कधी.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
कॅमेऱ्यांना जरा विश्रांती म्हणून चारही बंद केले. स्पीड चौऱ्याण्णव. योगायोग. (सहा अजून कमी आहेत.)
रागिणीला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "बाबा, काका मला विचारत होते, वामनरावांची तब्येत बरी आहे ना? रोज भिंतीपाशी एकटेच उभे राहतात म्हणे."
आणि आणखी सांगितलं. साडेचारला ते पुण्याच्या नातीशी, खुशीशी, व्हिडिओ कॉलवर बोलतात. आपल्या नेटचं नाव त्यांनी वाचलं. त्यांना वाटलं, आपल्या मोठ्यानं हसण्याचा शेजाऱ्याला त्रास होतो. तेव्हापासून मागच्या अंगणात बसतात, हळू बोलतात. फुलं ठेवायलाही संकोच वाटला.
गाडी सुटली. मी उगाच बराच वेळ हात हलवत राहिलो.
घरी येऊन नेटवर्कचं नाव बदललं. आता नुसतं 'वामनराव'.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी.
रागिणीची निवड झाली! नऊ वर्षांनी. माणिकबाई देवापुढे रडली, मीही डोळ्यांत कचरा गेल्यासारखं केलं.
आज पेढे घेऊन महादेवरावांकडे जायचं आणि स्पष्ट, पुरुषासारखी माफी मागायची. वाक्यं तयार केली: "महादेवराव, माझी चूक झाली. मी तुमच्यावर संशय घेतला." दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं. उत्तम जमतं.

दुपारी २.
जाऊन आलो. महादेवरावांनी पेढा तोंडात घालायच्या आधी मला भरवला. म्हणाले, "पोरीनं नाव काढलं, वामनराव. आमाले लय आनंद झाला." मग जरा थांबून, खाली पाहत म्हणाले, "तेवढं एक विचारतो, राग मानू नका. ते लाज बाळग, ते मले होतं का?"
वाक्यं तयार होती. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं: "छे छे! तुम्हाला कसं म्हणेन? ते किशोरला होतं."
ते एकदम मोकळे झाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग सांगतलं काहून नाई बाप्पा! किशोर आपलाच पोरगा हाये. मी समजावतो त्याले. तुमी टेन्शन घेऊ नका."
बोलायला हवं होतं. पेढा तोंडात होता.

सायंकाळी ६. गच्चीवर.
कॅमेरे बंद असल्यामुळे प्रत्यक्ष पाहावं लागतं आहे. महादेवराव किशोरच्या घरी गेले. पंधरा मिनिटांनी दोघं बाहेर आले. किशोरचे हात जोरात हलत होते. मग दोघांनी मिळून आपल्या घराकडे पाहिलं.
आता ते आपल्या हॉलमध्ये आहेत. दार माणिकबाईनं उघडलं. ती पहिल्यापासून सांगते आहे, दूधवाल्यापासून. काहीही वगळत नाही. आवाज जिन्यातून स्वच्छ वर येतो, मध्ये कुठंच अडकत नाही.
किशोर विचारत होता, कुठं हायेत ते? ती म्हणाली, "वरते हायेत. येतीन उतरून, कुठं जातेत."
चहा टाकलेला दिसतो. कप मांडल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.
चौथ्या कपाच्या आवाजासाठी जिन्यात येऊन थांबलो आहे.